जखडरोधक वंगण
जखडरोधक वंगण (कारखान्यांतील रूढ नाव : अँटी-सीझ) हे नट, बोल्ट व इतर आटेदार भाग एकमेकांत कायमचे जखडू नयेत म्हणून जोडणीपूर्वी आट्यांवर लावले जाणारे मलमासारखे घट्ट वंगण आहे. साधे ग्रीस प्रामुख्याने हलत्या भागांमधील घर्षण कमी करते. जखडरोधक वंगणाचा हेतू वेगळा आहे : वर्षानुवर्षे न हलणारी जोडणी गरज पडेल तेव्हा मोडतोड न होता सुटावी, यासाठी ते वापरतात.

जखडण्याची कारणे
लोखंडाच्या गंजाचे आकारमान मूळ धातूच्या कित्येक पट असते. त्यामुळे आट्यांतील अरुंद फट गंजाने भरून नट घट्ट बसतो. स्टेनलेस पोलाद, ॲल्युमिनियम व टायटॅनियम यांच्या बाबतीत गंजाविनाही जखडण होते. आवळताना पृष्ठभागावरील संरक्षक ऑक्साइडचा थर खरवडला जातो आणि उघडे पडलेले धातू दाबाखाली एकमेकांना चिकटतात. उच्च तापमानात आट्यांवर ऑक्साइडची कठीण खपली धरते. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकत्र आल्यास विद्युत-रासायनिक क्षरणही होते.

घटक
या वंगणात ग्रीस किंवा तेल हे वाहक असते आणि त्यात तांबे, निकेल, ॲल्युमिनियम, ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांची बारीक पूड मिसळलेली असते. तापमान वाढल्यावर तेल जळून जाते. पुडीचा थर मात्र आट्यांमध्ये टिकून धातूला धातूपासून अलग ठेवतो. सामान्यतः तांबेयुक्त प्रकार सुमारे ९८० अंश सेल्सिअसपर्यंत, तर निकेलयुक्त प्रकार सुमारे १,३०० अंशांपर्यंत वापरतात.

चंद्रपूर व गडचिरोली परिसर
या दोन जिल्ह्यांत जखडण्याची बहुतेक कारणे एकत्र आढळतात. उन्हाळ्यात चंद्रपूरचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते, तर पावसाळ्यात वनप्रदेशातील हवा दीर्घकाळ दमट राहते. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट असून तेथे ५०० मेगावॉटचे संच आहेत. या क्षमतेच्या संचांत टर्बाइनकडे जाणारी वाफ सुमारे ५४० अंश तापमानाची असते. अशा तापमानात राहिलेला बोल्ट देखभालीच्या वेळी न सुटल्यास तो कापावा किंवा छिद्र पाडून काढावा लागतो आणि तोवर संच बंद राहतो. गडचांदूर परिसरातील सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांबाबतही हीच अडचण संभवते.

भूमिगत कोळसाखाणींत ज्वालाग्राही वायूच्या धोक्यामुळे उघड्या ज्वाळेवर कडक निर्बंध असतात. त्यामुळे जखडलेला बोल्ट गॅस कटरने कापण्याचा मार्ग तेथे सहज उपलब्ध नसतो. गडचिरोलीच्या दुर्गम भागात ट्रॅक्टर, उपसा पंप किंवा भात गिरणीचा एक बोल्ट तुटला, तरी दुरुस्तीसाठी दूरच्या गावी जावे लागते. अशा ठिकाणी जोडणीच्या वेळी घेतलेली काळजी विशेष उपयोगी ठरते.

वापरण्याची पद्धत
आटे तारेच्या ब्रशने घासून, तेलकटपणा पुसून कोरडे करतात. नंतर आट्यांवर व नटाच्या टेकणाऱ्या पृष्ठभागावर पातळ, एकसारखा थर देतात. धातूची पूड त्वचेला अपायकारक ठरू शकत असल्याने हातमोजे वापरणे इष्ट असते.

आवळण्याच्या जोरातील बदल
वंगणामुळे घर्षण घटते, म्हणून तेवढ्याच टॉर्कला बोल्टवर अधिक ताण येतो. टॉर्क हा घर्षणांक, बोल्टचा व्यास व ताण यांच्या गुणाकाराइतका धरतात. येथील घर्षणांक अनुभवसिद्ध असतो. उदाहरणार्थ, २० मि.मी. व्यासाच्या बोल्टवर १०० किलोन्यूटन ताण हवा असल्यास, कोरड्या आट्यांसाठी (घर्षणांक ०.२०) ४०० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, वंगण लावल्यास (घर्षणांक ०.१३) २६० पुरेसा होतो. वंगण लावूनही ४०० चाच टॉर्क दिल्यास ताण सुमारे १५४ किलोन्यूटन होतो. ८.८ प्रतीच्या या मापाच्या बोल्टचा प्रूफ लोड सुमारे १४७ किलोन्यूटन असल्याने बोल्ट कायमचा ताणला जाण्याचा किंवा तुटण्याचा धोका उद्भवतो. म्हणून टॉर्क ठरवताना त्या विशिष्ट वंगणाचा घर्षणांक पाहणे आवश्यक असते.

मर्यादा
तेलयुक्त वंगण ऑक्सिजनच्या नळ्यांवर वापरल्यास आग लागू शकते. पिण्याच्या पाण्याच्या जोडण्यांवर धातुयुक्त वंगण न लावता त्यासाठी प्रमाणित केलेलेच द्रव्य वापरावे लागते. वाहनांच्या चाकांचे नट व स्पार्क प्लग यांबाबत उत्पादकाची सूचना पाळतात. अनेक उत्पादक हे आटे कोरडेच ठेवण्यास सांगतात. पोलादी पुलांच्या घर्षणपकड जोडण्यांत एकमेकांना टेकणाऱ्या पृष्ठभागांवर वंगण जाणे धोक्याचे असते, कारण तेथे घर्षणच भार पेलते. आधीच जखडलेला बोल्ट सोडवण्यासाठी आट्यांत झिरपणारे पातळ तेल लागते. जखडरोधक वंगणाचा उपयोग जोडणीपूर्वीच होतो.