आत्याचा लेक आणि उंबरावरचा जक्कय

आत्या गोष्ट सांगायला बसली की आधी सुपात हुलगे घ्यायची. हात रिकामा असला की तिला बोलायला सुचायचं नाही. दुसऱ्या दिवशी घरात शेंगोळी व्हायची, पण आदल्या दिवशीची गोष्ट कुठल्या कुठं फिरून यायची. चाळीतलं पाणी, माळशेज घाटात बंद पडलेली एसटी, आण्याला रंगदासस्वामींच्या यात्रेत खाल्लेली आमटी-भाकरी, आणि शेवटी तिचा थोरला लेक. त्याला आम्ही दादा म्हणायचो. दादा गर्दच्या नादी लागला आणि त्यातून सुटला. ज्या जागी सुटला तिथं दारावर क्रूस होता. आमच्या घरात हे बरीच वर्षं दबक्या आवाजात बोललं गेलं. सांगणारी माणसं आता गेली. दादाही गेला, म्हातारा होऊन, घरच्या अंथरुणात. तेव्हा आता मोठ्यानं सांगायला हरकत नाही.

आळेफाट्यावर दोन रस्ते एकमेकांना छेदतात, पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर. आमच्या लहानपणी कोर्टकचेरी पुण्याच्या वाटेला होती आणि पोट कल्याणच्या. जुन्नर-आंबेगावची माणसं घाट उतरून मुंबईला गेली ती गिरणीत, माथाडीत, नाहीतर डबे पोचवायला. आत्याचे यजमान, आमचे मामा, परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. नगरच्या वाटेनं आमच्याकडे आल्या त्या नगरच्या बाई.

बाई ख्रिस्ती. शाळेतून निवृत्त झाल्यावर आळ्यात, जिथं ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी आहे त्या गावात, एक खोली घेऊन राहिल्या. नगरला अमेरिकन मिशन १८३१ साली आलं, तेव्हापासूनच्या गोष्टी त्यांच्या घराण्यात चालत आलेल्या. कृष्णराव सांगळे यांनी १८६२च्या सुमाराला ख्रिस्तकीर्तन सुरू केलं, वीणा-टाळ घेऊन येशूची कथा लावली, हे त्या अशा सांगायच्या की जणू पहिल्या रांगेत बसून ऐकलंय. रेव्हरंड टिळकांची भजनं त्यांना पाठ होती. आजी माळकरी, एकादशी न मोडणारी. टिळकांची चाल ऐकून ती म्हणायची, "बाई, हे तर आमच्यातलंच वाटतंय." तरी आजीनं बाईंचा कप वेगळा ठेवला होता, कोनाड्यात. हे लिहायला नको वाटतं, पण तो होता.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या हाकेवर गिरणीसंप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मामा म्हणाले, दिवाळीपर्यंत मिटेल. पुढच्या दिवाळीला ते गावी कांद्याच्या पट्ट्या मोजत होते. दादा मात्र मुंबईतच राहिला, कुणाच्या गाडीवर, कुणाच्या गोदामात. त्याच वर्षांत मुंबईच्या गल्ल्यांत ब्राऊन शुगर शिरली होती. लोक तिला गर्द म्हणायचे आणि ओढणाऱ्याला गर्दुल्ला. पन्नीवरच्या धुराची पुडी सुरुवातीला स्वस्तात मिळायची. काही आठवड्यांत ती मजेसाठी उरायची नाही. न मिळाल्यावर जे होतं ते टळावं म्हणून लागायची.

न मिळाल्यावर जे होतं त्याला ती पोरं टर्की म्हणत. मी ती पाहिली आहे, आमच्याच पडवीत. मी तेव्हा ओतूरच्या कॉलेजात होतो. आत्या दादाला गावी घेऊन आली होती. भर उन्हाळ्यात तो गोधडीत कुडकुडत होता, नाकाडोळ्यांतून पाणी, एकामागून एक जांभया, पोटात कळा, आणि पाय असे झाडत होता की बाजेची सुंभं सैल झाली. आजी त्याच्या पायाला तेल चोळत होती आणि त्याला तो स्पर्शही सोसवत नव्हता. मुंबईच्या हवेचा ताप आहे असं शेजारी सांगितलं गेलं.

मग घरानं ठाऊक असलेले सगळे उपाय केले. अंगारा झाला, नवस झाला. ओतूरला एका महाराजांकडून गळ्यात तुळशीची माळ घातली. आमच्या भागात दारू सोडायची हीच जुनी रीत, आणि तिनं कितीतरी घरं सावरली आहेत. माळकऱ्याची दिंडी असते, सप्ताह असतो, चार माणसं त्याच्यावर लक्ष ठेवून असतात. दादाची माळ गावात टिकली. मुंबईच्या फलाटावर तिच्याकडे बघणारं कुणी नव्हतं, तिथं ती तुटली. आत्याच्या पाटल्या गेल्या, मग हंडे, मग कांशाची थाळी आणि आजीचे चांदीचे तोडे.

गंमत अशी की गर्दबद्दल मराठी घरांना पहिल्यांदा सविस्तर सांगितलं ते आमच्याच ओतूरच्या माणसानं. डॉ. अनिल अवचटांचा जन्म तिथला. त्यांचं लिखाण पु. ल. आणि सुनीताबाईंनी वाचलं, मदतीचा हात पुढं केला, आणि डॉ. अनिता अवचटांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात मुक्तांगण उभं केलं. पण आमच्या घरी ती बातमी पोचायच्या आधीच नगरच्या बाईंचं पत्र मुंबईला गेलं होतं. साल आत्याच्या तोंडी कधी पंच्याऐंशी असायचं, कधी शहाऐंशी. पाऊस कोसळत होता, एवढं मात्र प्रत्येक वेळी ठरलेलं. बाईंची भाची मुंबईत नर्स होती. तिनं आत्याला आणि दादाला वांद्र्याला नेलं, माउंट कार्मेल चर्चच्या आवारात.

तिथं १९८१ साली फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं होतं. फादर स्वतः दारूत अडकलेले आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए.ए.च्या वाटेनं बाहेर पडलेले. ही गोष्ट ते लपवत नसत. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे ते शिष्य, म्हणून तिथल्या उपचारात आसनं आणि प्राणायाम. पुढे २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आत्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. भाचीला तिनं दारातच विचारलं, "बाटवतील का गं?" भाची म्हणाली, "आत्या, इथं नाव विचारतात, धर्म नाही." आणि ते खरं निघालं. दादाला कुणी बाप्तिस्मा घे म्हटलं नाही. पहाटे उठवलं, शवासनात निजवलं, स्वयंपाकघरात कांदे चिरायला बसवलं, आणि रोज सगळ्यांपुढं बोलायला लावलं. पाद्री शवासन शिकवतो हे ऐकून आजी दोन दिवस ते येईल त्याला सांगत होती.

पुढे मी या बोलायला लावण्याच्या रीतीचा माग काढत गेलो. ती अमेरिकेतली. १९३५ साली ॲक्रन गावी बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हा सर्जन, दोघेही दारूनं मोडलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि ए.ए.चा पाया घातला गेला. दोघे ऑक्सफर्ड ग्रूप नावाच्या ख्रिस्ती मंडळींच्या सहवासातले. आपलं चुकलेलं दुसऱ्यापुढं कबूल करायचं, ज्याचं नुकसान केलं त्याला भरून द्यायचं, सकाळी देवापुढं शांत बसायचं, ही त्या मंडळींची शिस्त. ॲक्रनचे सुरुवातीचे लोक बायबलमधलं याकोबाचं पत्र आवडीनं वाचायचे. एकमेकांजवळ पापं कबूल करा, असं त्यात सांगितलं आहे. तिथंच सिस्टर इग्नेशिया या नन होत्या. दारुड्यांना इस्पितळात कुणी खाट देत नसे त्या काळात त्यांनी डॉ. बॉबच्या जोडीनं सेंट थॉमस हॉस्पिटलात दारुड्यांना दाखल करून घेतलं. १९३९च्या पुस्तकात बारा पायऱ्या छापल्या तेव्हा देव हा ज्याला जसा समजेल तसा, एवढी मोकळीक ठेवली. अमली पदार्थांसाठीचं नार्कोटिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एन.ए., १९५३चं. मुंबईत ए.ए. पोचलं १९५७ साली, दारूबंदी चालू असताना.

ती मोकळीक नसती तर आमचा माळकरी घरातला दादा त्या बैठकीतल्या खुर्चीवर टिकला नसता, असं माझं मत आहे. आणि मुळातली ख्रिस्ती शिकवण नसती तर ती खुर्चीच मांडली गेली नसती, हेही तितकंच खरं. माणूस स्वतःच्या बळावर सुटत नाही, पडलेल्यालाही माफी असते आणि ती मागायला तो लायक ठरावा लागत नाही, हे त्या शिकवणीचं मर्म. आमच्या संतांनीही हेच सांगितलं आहे. पण गर्दुल्ल्याला रोज संध्याकाळी त्याच खोलीत, त्याच्यासारख्याच माणसांत बसवून हे ऐकवायची सोय आमच्याकडे तेव्हा नव्हती.

घरच्या माणसांचीही बैठक असायची. आत्या पहिल्यांदा गेली त्या दिवसाचं वर्णन ती हुलगे बाजूला ठेवून करायची. घडीच्या खुर्च्या, किटलीत चहा, ग्लासात बुडवलेली बिस्किटं, पारशी बाई, कोळीण, एक सुटाबुटातला बाप. प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं. आत्याची पाळी आली. माहेरी ती अमक्याची लेक, चाळीत दादाची आई, रेशनकार्डावर मामांच्या नावाखाली. भर सभेत स्वतःचं नाव तिनं उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं. पदर तोंडाशी धरून तिनं ते सांगितलं आणि पुढं म्हणाली, "माझा ल्योक गर्दुल्ला हाय." कुणी दचकलं नाही. कोळणीनं चहाचा ग्लास तिच्याकडे सरकवला. "तितं पयल्यांदा मला झोप लागंल असं वाटलं," आत्या म्हणायची. तोवर ती रात्री दाराला पाठ लावून बसायची, दादानं घरातलं काही उचलून नेऊ नये म्हणून.

दादा लगेच सुधारला असं नाही. एकदा पळाला, पुन्हा पुडीवर गेला, पुन्हा आला. परत घेतलं. मग महिन्यांवर महिने कोरडे गेले, आणि एका शिमग्याला तो आळेफाट्यावर उतरला तो खिशात वहीचा कागद घेऊन. ज्यांचं ज्यांचं घेतलं त्यांची यादी. आजीचे तोडे सगळ्यात वर. पडवीत बसून त्यानं ती वाचून दाखवली. मामा उठून गोठ्यात निघून गेले. आजी म्हणाली, "गेलं ते गेलं, तू ऱ्हा." दादा ऐकेना. फेडणं हा औषधाचाच भाग आहे म्हणाला.

हे आजीला उमगेना. उलगडून सांगितलं ते नगरच्या बाईंनी. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार आहे. लोकांना लुबाडून गबर झालेला, अंगानं ठेंगणा. येशू गावात आला तर गर्दीत दिसेना, म्हणून हा उंबराच्या झाडावर चढला. येशूनं वर बघून त्याला हाक मारली, आज तुझ्या घरी उतरणार म्हणाला. लोक कुरकुरले, पाप्याच्या घरी जातो म्हणून. जक्कय मात्र उभा राहिला आणि बोलला, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो. बाई म्हणाल्या, "बघा, आधी येशू घरी जेवायला गेला. फेडायचं जक्कयनं नंतर, आपल्या मनानं काढलं." आजीचं लक्ष झाडावर. "उंबर? मंग दत्तच म्हणायचा की." बाई खळखळून हसल्या. त्या दिवशी चहा झाल्यावर बाईंचा कप आजीनं स्वतः धुतला आणि घरच्या कपांत लावला. मी ते पाहिलं, आईनंही पाहिलं, बोललं कुणी नाही.

दादानं कांद्याच्या वखारीत हमाली करून तोडे फेडले. पूर्वीसारखे मिळाले नाहीत, जुन्नरच्या सोनाराकडून नवे घडवून आणले. आजीनं ते कधी घातले नाहीत, पण कुणी आलं की काढून दाखवायची. दादानं पुन्हा माळ घातली आणि वारी केली. नाताळच्या रात्री मात्र तो न चुकता वांद्र्याला जायचा, आणि येताना बाईंसाठी केक आणायचा. कुणी विचारलं, तू ख्रिस्ती झालास का, तर म्हणायचा, "नाही. पण येशूचा ऋणी आहे." पुढे आमच्या भागातल्या कितीतरी पोरांना त्यानं मुंबईला, पुण्याला उपचारांना नेलं. एसटीत शेजारी बसून न्यायचा, कारण एकटं पाठवलं तर पोरगं कल्याणलाच उतरतं, हे तो अनुभवानं सांगायचा.

एक गोष्ट दादा फार कळकळीनं बोलायचा आणि मलाही ती तितकीच महत्त्वाची वाटते. नुसत्या प्रार्थनेनं व्यसन उतरतं, डॉक्टर नको, गोळ्या नकोत, असं सांगणाऱ्याच्या दारी पेशंट नेऊ नका, मग त्या दारावर क्रूस असो की भगवा झेंडा. त्याची टर्की उतरली ती डॉक्टरांच्या नजरेखाली. श्रद्धेचं काम त्यानंतर सुरू झालं आणि ते रोजचं होतं, जन्मभराचं.

फाट्यावर आता हॉटेलं वाढलीत, रात्रभर दिवे असतात, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पोरं काय काय ओढतात ते गावाला दिसतं. घरचे अजूनही मुंबईच्या हवेचा ताप म्हणतात. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर त्या पोराच्या आईकडे आधी जा, आणि तिच्या सोबतीला बसून फोन लावा. मुक्तांगण आहे, कृपा आहे, ए.ए. आणि एन.ए.च्या बैठका आहेत, आणि सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे १४४४६.