बुडवलेला शॅमरॉक : एका प्रवासी सणाची कुळकथा

दरवर्षी १७ मार्चला येणारा सेंट पॅट्रिकचा दिवस आयर्लंडचा सण म्हणून ओळखला जात असला, तरी त्याची बरीचशी सामग्री मायभूमीपासून दूर, परक्या बंदरांत जुळत गेली. म्हणून भर समुद्रात तो साजरा होतो तेव्हा ती मूळ सणाची नक्कल असते, असे म्हणता येत नाही. खुद्द पॅट्रिकच्या चरित्रातही समुद्र आहे. पाचव्या शतकातील हा संत ‘कन्फेसिओ’ या आपल्या लॅटिन आत्मनिवेदनात सांगतो, की ब्रिटनमधून पळवून आणल्यावर आयर्लंडमध्ये सहा वर्षे गुलामीत काढून तो सुमारे दोनशे मैलांवरच्या एका जहाजापाशी पोहोचला आणि आधी नकार देणाऱ्या खलाशांनीच त्याला अखेर सोबत घेतले.

‘शॅमरॉक’ हा शब्द ‘लहान तिपतिया’ अशा अर्थाच्या आयरिश शब्दावरून आला. या तीन पानांवरून पॅट्रिकने ख्रिस्ती त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे एकत्व, समजावले ही कथा संताइतकीच जुनी मानली जाते. तिची पहिली लेखी नोंद मात्र थेट १७२६ साली, डब्लिनमध्ये वैद्यकी करणाऱ्या केलेब थ्रेलकेल्ड या धर्मोपदेशकाच्या वनस्पतिग्रंथात सापडते. लोक त्या दिवशी ही पाने टोपीत खोवतात आणि ती ‘भिजवताना’ मद्याचा अतिरेक करतात, अशी तक्रारही त्याने तेथेच नोंदवली आहे. ‘शॅमरॉक बुडवणे’ या चालीची मुळे या भिजवण्यातच दिसतात : दिवसभर मिरवलेले पान रात्री शेवटच्या पेल्यात टाकायचे, पेला रिता करायचा आणि पान डाव्या खांद्यावरून मागे फेकायचे.

या सणाच्या हिरव्या रंगाचे कूळ तर अधिकच दर्यावर्दी आहे, कारण हिरव्या कापडावर वीणेसारखे हार्प हे वाद्य असलेल्या आयरिश निशाणाची सर्वांत जुनी ज्ञात नोंद १६४२ मधील असून, ते ओवेन रो ओ’नील या सेनानीच्या ‘सेंट फ्रान्सिस’ जहाजावर होते.

शिडाच्या जहाजाला ऑस्ट्रेलिया गाठायला तीन-चार महिने लागत, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत आयर्लंडहून तिकडे निघालेल्यांचा १७ मार्च बहुधा पाण्यावरच उजाडे. तेथे ताजा तिपतिया कोठून मिळणार? पण पानाची जागा फितीने घेणे अवघड नव्हते, कारण जमिनीवरही फितीचे व कागदाचे क्रूस लावण्याची रीत होती. १७१३ साली लंडनमधील मॉल या रस्त्यावर असे क्रूस इतके दिसले, की सारे जगच आयरिश वाटावे, असे जोनाथन स्विफ्टने लिहिले आहे. पेय तर जहाजावर असेच. उतरल्यावर हा उत्साह ओसरला नाही : १७९५ मध्ये सिडनीच्या वसाहतीत संताच्या नावाने इतके मद्य रिचवले गेले, की रात्री कोठड्या भरल्या, असे तेथील अधिकारी डेव्हिड कॉलिन्स नोंदवतो, आणि १८१० मध्ये गव्हर्नर मॅक्वारीने याच दिवशी सरकारी कारागिरांना मेजवानी दिली.

आयर्लंडमध्ये मात्र १९२७ च्या कायद्याने या दिवशी दारूची दुकाने बंद ठेवली गेली, आणि ती बंदी १९६० च्या कायद्याने उठली.