गाडीच्या दांडीला हात लावा

थंडी आधी बोटांना लागते. पहाटेचे तीन वाजलेत. साल २००५ च्या आगेमागे कुठेतरी, आणि तुम्ही मॅनहॅटनमधल्या एका गॅरेजच्या दारात उभे आहात. आत ओळीने स्टीलच्या गाड्या लावलेल्या. आपल्याकडच्या वडापावच्या गाडीहून मोठ्या, काचेच्या खिडक्यांच्या, आत एक माणूस जेमतेम उभा राहील एवढ्या. खाण्यापिण्याची गाडी रात्री रस्त्यावर ठेवायची नाही, नेमून दिलेल्या गॅरेजातच लावायची, असा या शहराचा नियम आहे. म्हणून रोज पहाटे ती न्यायची आणि काम संपलं की परत आणायची. ज्याच्याकडे मोटार आहे तो मागे जोडून नेतो. ज्याच्याकडे नाही, तो स्वतःच बैल होतो.

तुमच्या पुढे अहमद आहे. गाडीकडे पाठ करून त्याने दांडी धरली आहे. बघत काय उभे राहता? मागून रेटा.

पहिलं पाऊल सगळ्यांत जड. पाय घसरतो, खांदा भरून येतो, आणि मग चाकं एकदम ऐकतात. चाकं फिरू लागली की भीती बदलते: आता ही गाडी त्याच्या पाठीवर तर जाणार नाही ना? फुटपाथवर ती मावत नाही, म्हणून तो भर रस्त्यातून चालला आहे. पिवळ्या टॅक्सी हातभर अंतरावरून सुसाटत जातात. ट्रकच्या दिव्यांत त्याची सावली लांब होते, आखडते, पुन्हा लांब होते. तो मागे वळून बघत नाही. बघायला उसंतच नाही.

कोपऱ्यावर आलात की धाप टाकायला वेळ नसतो. गॅसची टाकी जोडायची, पाणी तापत टाकायचं, बेगल आणि डोनट काचेमागे रचायचे. चहाच्या पुड्या एकीकडे, साखर हाताशी. अहमदचे हात बघत राहा. एकही हालचाल वाया जात नाही. पहाटे चहावाला भांडी मांडतो तेव्हा हात आपसूक चालतात ना, तसेच.

त्या रचलेल्या कागदी पेल्यांतला एक उचला. निळा-पांढरा, कडेला ग्रीक नक्षी. कधीकाळी या शहरातली कितीतरी कॉफीची दुकानं ग्रीक लोकांची होती, म्हणून ही नक्षी. पेल्यावर लिहिलंय, तुमची सेवा करण्यात आम्हाला आनंद आहे. हा पेला १९६३ साली लेस्ली बक यांनी घडवला. तेही चेकोस्लोव्हाकियातून आलेले, नाझी छळछावण्यांतून वाचलेले. परक्या देशातून आलेल्या एकाने पेला केला, दुसरा तो भरतो आणि शहर कॉफी पिऊन कामाला लागतं.

भवानी होते. मग रांग लागते. प्रत्येक गिऱ्हाईक खिडकीशी थांबतं ते काही क्षण. कुणाला दूध किती, कुणाला साखर किती, अहमदला पाठ आहे. तो कोण, हे त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नाही. तो पाकिस्तानात गायक होता, त्याची गाणी लोक ऐकत होते. बायको गेली. मुलगा सासरच्या माणसांकडे आहे. हे सगळं त्या खिडकीतून दिसत नाही.

आता रस्त्याच्या पलीकडे बघा. तिथे कॅमेरा लावलेला आहे. हा रामिन बहरानींचा चित्रपट, 'मॅन पुश कार्ट'. इराणी आईबापांचा, नॉर्थ कॅरोलिनात जन्मलेला हा दिग्दर्शक तीन आठवड्यांच्या आत हे सगळं टिपून २००५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवणार आहे. अहमदचं काम करणारे अहमद रझवी, त्यांनी स्वतः एकेकाळी अशी गाडी चालवली आहे. ते हात म्हणूनच तसे चालतात. ते शिकवून येत नाही.

कष्टकरी माणसालाच पडद्यावर उभं करायची ही रीत इटलीतली. १९४८ च्या 'बायसिकल थीव्ज'मध्ये दिग्दर्शक दे सिकांनी रोमच्या रस्त्यांवर उभा केलेला अंतोनिओ म्हणजे लाम्बेर्तो माज्जोरानी, प्रत्यक्षात कारखान्यातला कामगार. बलराज साहनींना मात्र ते हात कमवावे लागले. 'दो बिघा जमीन'मधल्या शंभूसाठी ते आधी जोगेश्वरीत उत्तरेकडून आलेल्या दूधवाल्यांच्या वस्तीत जाऊन त्यांचं उठणंबसणं बघत राहिले, आणि मग कलकत्त्यात त्यांनी खरोखर रिक्षा ओढली. या रीतीचं, नववास्तववादाचं, मोठेपण मला इथे वाटतं. माणसाच्या हलाखीवर तो हळहळत नाही, त्याच्या कामाला वेळ देतो. गाडी ओढायला जितका वेळ लागतो, तितका वेळ आपल्यालाही बघायला लावतो. आणि अंतोनिओच्या सायकलीपाशी, शंभूच्या रिक्षापाशी जे होतं तेच इथेही होतं. चाकं म्हणजेच पोट.

गाडी इतकी मोलाची का, ते समजून घ्या. खाद्यविक्रीच्या परवान्यांची संख्या १९८० च्या दशकात या शहराने बांधून टाकली, सुमारे तीन हजारांवर. माणसं येत राहिली, परवाने तेवढेच. मग जुने परवाने हजारो डॉलर घेऊन गुपचूप भाड्याने फिरू लागले. कायद्याने हे करता येत नाही, पण तेव्हा कोपऱ्यावर उभं राहायचं तर दुसरी वाटही नव्हती. चित्रपटातला अहमद आपल्या गाडीचे पैसे असेच थोडेथोडे फेडतो आहे. त्यासाठी तो रात्री चोरट्या डीव्हीडी विकतो, एका श्रीमंत देशबांधवाच्या घराला रंग लावतो.

आणि एक दिवस त्याची पाठ क्षणभर वळते. परत येतो, तर कोपरा रिकामा.

तुम्हीही शोधायला धावता. या गल्लीत, त्या गल्लीत. स्टीलची प्रत्येक गाडी दुरून तीच वाटते. जवळ गेलं की आत दुसराच कुणी उभा, तितक्याच घाईत साखर ढवळणारा. कुणाला विचारणार? पोलिसांत जायचं तर कागद कुणाच्या नावावर आहेत?

चित्रीकरणाचे दिवस सरतात. कॅमेरा पेटीत जातो, दिवे निघतात, माणसं पांगतात. तुम्हाला आणखी एक रात्र थांबता येईल. थांबा.

पहाटेचे तीन. गॅरेजचं शटर वर जातं. आता कुणी चित्रण करत नाही. एक बांगलादेशी, एक इजिप्तचा, एक अफगाण, हातांवर फुंकर घालत आत शिरतात. पहिली गाडी उंबऱ्याशी अडते. ओढणारा मागे वळून तुमच्याकडे बघतो, काही न बोलता मान हलवतो.

तुम्ही हात लावता.