मुंबईतील प्लेग आणि म्युनिसिपालिटीचे आरोग्य खाते (१८९६-९७)

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा मुंबई म्युनिसिपालिटीचे आरोग्य अधिकारी डॉ. टी. एस. वीअर होते. रोग घाणीतून उद्भवतो या तत्कालीन समजुतीनुसार त्यांच्या खात्याने गटारे धुणे, घरांना चुना लावणे व जंतुनाशके शिंपडणे ही कामे हाती घेतली. उंदरांवरील पिसवांची भूमिका पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडली. तीही लगेच मान्य झाली नाही.

६ ऑक्टोबर १८९६ च्या जाहीरनाम्याने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचे धोरण जाहीर झाले. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला आणि दुसऱ्याच दिवशी सक्ती शिथिल झाली. ही माघार केवळ दंगलीच्या धास्तीने घेतली गेली, असे मानणे अपुरे ठरते. आयुक्त पी. सी. एच. स्नो यांची चिंता अधिक व्यावहारिक होती. मैला वाहणारे हलालखोर भीतीने शहर सोडून गेले असते, तर सफाईची संपूर्ण यंत्रणाच कोसळली असती. आरोग्य खात्याचा अधिकार कायद्याने दिलेला होता खरा; पण तो चालत होता तो या सर्वांत तळच्या कामगारांच्या हातांवर, आणि त्यांच्या संभाव्य स्थलांतरापुढे प्रशासन नमले.

फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सक्तीला नवे बळ मिळाले. मार्चमध्ये साथनियंत्रणाची सूत्रे जनरल गॅटेकर यांच्या प्लेग समितीकडे गेली.