सोबत्याचे ऋण



दिवंगत सैनिकाच्या स्मरणार्थ बोलावयाचे म्हणजे काय बोलावे, हा प्रश्न मला गेले काही दिवस सतावीत होता. शौर्याची वर्णने आपण पुष्कळ ऐकतो. पण सैनिक आपल्या सोबत्याला काय देणे लागतो, आणि तो सोबती गेल्यावर आपण नागरिक त्या दोघांना काय देणे लागतो, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. बेळगावच्या श्रोत्यांपुढे तो मांडणे मला विशेष उचित वाटते. सुटीच्या दिवशी खडेबाजारात जोडीजोडीने खरेदीला आलेले तरुण जवान आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. ते इतके परिचयाचे झाले आहेत की ते कोणत्या परंपरेतून आले, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही.

ती परंपरा थोडक्यात सांगतो. मराठा रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ साली मुंबईत उभी राहिली. पुढे ती ‘जंगी पलटण’ म्हणून प्रसिद्धीस आली. १९२२ साली हिंदी लष्कराची पुनर्रचना झाली, तेव्हा मेसोपोटेमियात शर्कतच्या लढाईत नाव कमावलेल्या ११४ व्या मराठा पलटणीकडे प्रशिक्षणाचे काम आले आणि बेळगाव हे रेजिमेंटचे घर झाले. शंभर वर्षे उलटली तरी ते घर बदललेले नाही. सातारा, कोल्हापूर, कोकण, नगर आणि आपला हा सीमाभाग येथील शेतकऱ्यांची मुले येथे येतात आणि येथून शिपाई होऊन बाहेर पडतात.

या रेजिमेंटच्या दोन शिपायांविषयी आज मला बोलावयाचे आहे. दोघांचाही जन्म नोव्हेंबर १९२१ मधला. एक यशवंत घाडगे, कोकणातील माणगाव तालुक्यातले. दुसरे नामदेव जाधव, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे. दोघेही दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले आणि दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक रणांगणावर राहिले, दुसरे घरी परतले.

१० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक घाडगे यांची तुकडी अगदी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतले सारे जवान ठार किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे घाडगे. क्षणाचाही विलंब न लावता ते त्या मोर्चावर धावून गेले. हातगोळा टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा यांना गप्प केले आणि दुसऱ्या एकाला टॉमीगनने टिपले. काडतुसांची पेटी बदलण्यास वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या तडाख्यांनी संपविले. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. तेव्हा त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते.

नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीच्या पूर्वतीरावर जंगी पलटणीने हल्ला चढविला. नामदेव जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोहोचविणारे शिपाई होते. नदी ओलांडताना आघाडीची टोळी जवळजवळ कापली गेली. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी होऊन पडले. जाधवांनी एका जखमीला उचलले. खोल पाणी, बांधाचा उभा चढ आणि त्यापलीकडचा सुरुंगांचा पट्टा हे सारे ओलांडून त्यांनी त्याला सुरक्षित जागी पोहोचविले. मग ते परत गेले आणि दुसऱ्या जखमीलाही घेऊन आले. दोन्ही खेपांना शत्रूचा मारा अखंड चालू होता.

त्यानंतर ते तिसऱ्यांदा बांध ओलांडून गेले, ते मेलेल्या सोबत्यांचा सूड घेण्यासाठी आणि पलटणीला रोखून धरणारे मोर्चे मोडण्यासाठी. पहिला मोर्चा टॉमीगनने बंद पाडला, तोच हाताला गोळी लागली. बंदूक चालविता येईना, तेव्हा ती फेकून देऊन त्यांनी हातगोळ्यांनी आणखी दोन मोर्चे उद्ध्वस्त केले. अखेरीस उखळी तोफांच्या माऱ्यात बांधाच्या माथ्यावर उघडे उभे राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागे अडकलेल्या कंपन्यांना हात करून पुढे बोलाविले.

या प्रसंगाचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपण पराक्रम आठवतो तो तिसऱ्या खेपेचा. पण पहिल्या दोन खेपा शत्रूला मारण्यासाठी नव्हत्या, आपला माणूस मागे राहू नये म्हणून होत्या. सैनिकी सेवेचे मूळ मला या दोन खेपांत दिसते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. हे शिपाई परक्या राजाच्या सैन्यात होते. त्याच काळात साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार त्याच राजसत्तेशी झुंजत होते. एकाच मुलुखातले तरुण भूमिगत होत होते आणि पलटणीतही भरती होत होते. मग स्वतंत्र भारताने या शिपायांचे स्मरण कोणत्या नात्याने करावे? माझे उत्तर असे की, साम्राज्याचा हिशेब साम्राज्याकडेच मागावा, तो शिपायाच्या माथी मारू नये. युद्ध पुकारण्यापूर्वी हिंदुस्थानला कोणी विचारले नव्हते. युद्ध संपेपर्यंत हिंदी सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली होती. त्यांतील कित्येकांना भरतीकडे नेणारी वाट कोरडवाहू शेताच्या बांधावरून निघाली होती. पण जखमी माणसाला उचलताना जाधवांनी राजाची आज्ञा पाळली नाही. त्यांनी शेजाऱ्याचे ऋण फेडले.

त्याच सेनिओच्या काठी, त्याच दिवशी, आणखी एका हिंदी शिपायाने व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. त्यांचे नाव अली हैदर, कोहाटकडील पठाण. अडीच वर्षांच्या आत देशाची फाळणी झाली आणि एका नदीत उतरलेले हे दोन सोबती दोन देशांचे नागरिक ठरले. नकाशे बदलतात, हे सीमाभागातील माणसाला निराळे सांगावयास नको. माणसांनी एकमेकांसाठी जे केले, ते मात्र नकाशाबरोबर पुसले जात नाही.

आता स्मरणाविषयी. इटलीच्या मोहिमेत ५० हजारांहून अधिक हिंदी सैनिक लढले आणि ५,७८२ तेथेच राहिले. त्या मोहिमेतील २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ हिंदी सैनिकांचे. घाडगे यांचे नाव कॅसिनोच्या युद्धसमाधिस्थळी कोरलेले आहे आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने एक छायाघड्याळ उभारले. ‘आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो’, अशा अर्थाचे वाक्य त्यावर कोरले आहे. परक्या गावाने जे आठवणीत ठेवले, ते आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

जाधवांची कथा आणखी वेगळी. त्या रात्रीनंतर ते ३९ वर्षे जगले. हवालदार पदापर्यंत पोहोचले आणि २ ऑगस्ट १९८४ रोजी निवर्तले. सन्मानपत्रात एका रात्रीची हकीकत आहे, या ३९ वर्षांची नाही. परतलेल्या सैनिकाचे उर्वरित आयुष्य, न परतलेल्यांची आठवण वाहत जगणे, हीही सेवाच आहे. पण तिची नोंद कोणी ठेवीत नाही.

ती नोंद शाळेने ठेवावी, अशी माझी माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. या शाळेच्या हजेरीपटावरून किती मुले सैन्यात गेली, कोण परतले, कोण परतले नाहीत, याची एक वही करावी. पदके नसली तरी नावे लिहावीत. घरोघरी जुनी पत्रे, पेन्शनची कागदपत्रे, छायाचित्रे आहेत. ती पाहणारी वृद्ध माणसे अजून आहेत, तोवर त्यांना विचारून घ्यावे. प्रत्येक नावापुढे, जमेल तर, त्याच्या सोबत्याचेही नाव लिहावे. हे काम मोठ्या निधीचे नाही. दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक ते याच वर्षी सुरू करू शकतील.