‘बहिर्वक्र’ : एका संज्ञेचा अर्थ व उगम

‘कॉन्व्हेक्स’ या इंग्रजी संज्ञेसाठी मराठीत ‘बहिर्वक्र’ व ‘बहिर्गोल’ हे प्रतिशब्द रूढ आहेत. हिंदीत ‘उत्तल’ वापरतात. बाहेरच्या बाजूस फुगीर असलेला आकार, एवढाच या शब्दांचा अर्थ सामान्यतः गृहीत धरला जातो. परंतु ‘बाहेर’ म्हणजे कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न या संज्ञेच्या इतिहासात वारंवार उपस्थित झालेला दिसतो.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आढळू लागतो. त्याचे मूळ लॅटिन ‘कॉन्व्हेक्सस’ असून ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या ‘व्हेहेरे’ धातूशी त्याचा संबंध जोडला जातो. मात्र या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत एकमत नाही. लॅटिन कवींनी हा शब्द आकाशाच्या घुमटासाठी योजिला. व्हर्जिलच्या ‘इनीड’ महाकाव्याच्या चौथ्या सर्गात डायडो राणीला आकाशाचा घुमट पाहणे नकोसे होते, तेथे हाच शब्द आहे. राणी तर घुमटाच्या आत उभी आहे. म्हणजे तिला दिसणारा पृष्ठभाग आजच्या परिभाषेत अंतर्वक्र होय!

ग्रीक भूमितीत ही सापेक्षता अधिक स्पष्ट होते. युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडातील आठव्या प्रमेयात वर्तुळाबाहेरील बिंदूपासून रेषा काढल्या आहेत. त्या बिंदूसमोरील कंसास ‘किर्टोस’ व पलीकडील कंसास ‘कॉइलोस’ म्हटले आहे. वर्तुळ एकच, नावे मात्र दोन. ‘किर्टोस’ म्हणजे कुबड आलेलाही. अरबी गणितातील ‘मुहद्दब’ हा शब्दही कुबडवाचक शब्दापासूनच झालेला आहे. संस्कृतात उपमान म्हणून कासव आले. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त राजलक्षणे सांगताना पायांना ‘कूर्मोन्नत’ हे विशेषण लावले आहे, आणि चित्र डोळ्यांपुढे उभे करण्यात ते आजच्या पारिभाषिक शब्दांहून सरस ठरते.

निरीक्षकाचे स्थान बाजूला ठेवून व्याख्या करण्याचा मार्ग आर्किमिडीजने दाखविला. ‘गोल व वृत्तचिती’ या ग्रंथाच्या आरंभी तो अशा वक्ररेषेची व्याख्या करतो की, तिच्यावरील कोणतेही दोन बिंदू जोडले असता जोडरेषा त्या वक्ररेषेच्या एकाच बाजूस किंवा तिच्यावरच पडते. गंमत अशी की, त्याने तिला ‘एकाच दिशेने पोकळ’ म्हटले! आज जिला बहिर्वक्रता म्हणतात, तिचे बीज अशा रीतीने अंतर्वक्रतेच्या नावाने रुजले. हर्मान मिन्कोव्स्की यांनी 1896 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘संख्यांची भूमिती’ या ग्रंथात बहिर्वक्र आकृतींना केंद्रीय स्थान मिळाले. आधुनिक व्याख्येत फुगवट्याचा उल्लेखही उरलेला नाही : संचातील कोणतेही दोन बिंदू जोडणारा रेषाखंड संपूर्णपणे त्याच संचात असावा, एवढीच अट आहे.

या व्याख्येनुसार चौरस बहिर्वक्र आहे, जरी त्यात वक्र असे काहीच नाही. मराठी प्रतिशब्दातील ‘वक्र’ हे पद विद्यार्थ्यांस येथे अडखळविते. भिंगांसाठी समर्पक असलेली संज्ञा बहुभुजाकृतींना लावताना शिक्षकांनी हा भेद सांगणे आवश्यक ठरते. फलांच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो. वर्गफलाचा आलेख वरून पाहता वाटीसारखा खोलगट दिसतो, तरीही ते फल बहिर्वक्र गणले जाते, कारण आलेखाच्या वरील बिंदूंचा संच बहिर्वक्र असतो. काही पाठ्यपुस्तके म्हणूनच त्यास ‘खालच्या दिशेने बहिर्वक्र’, तर काही ‘वरच्या दिशेने अंतर्वक्र’ म्हणतात.