कुबडीवरचा शिपाई

निवडणुकीच्या बाजारात शिपायाचे चित्र कोणी मांडावे, हा प्रश्न आपल्याकडे निघाला तो अलीकडे. निवडणूक आयोगाने ४ डिसेंबर २०१३ रोजी राजकीय पक्षांना पत्र धाडून सैनिकांची आणि सेनाधिकाऱ्यांची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत असे बजावले. आणि मार्च २०१९ मध्ये पक्षांच्या फलकांवर एका वैमानिकाचे छायाचित्र झळकू लागले, तेव्हा त्या पत्राची पुन्हा आठवण करून दिली. अमेरिकेत हाच वाद २००४ साली झाला होता. इराकात युद्ध चालू असताना अध्यक्ष बुश यांच्या एका प्रचारपटात सैनिकांचा मोठा जमाव दाखवला होता. त्या जमावात तेच ते चेहरे पुन्हा पुन्हा चिकटवलेले आहेत, हे कोणा चौकस माणसाच्या ध्यानात आले आणि ती जाहिरात दुरुस्त करून पाठवण्याची पाळी आली. गर्दीसाठी शिपाईसुद्धा उसने घ्यावे लागावेत, ही गंमतच म्हणायची!

परंतु हे प्रकरण मुळात पुष्कळ जुने आहे. किती जुने ते पाहायचे तर १८६४ सालच्या अमेरिकेत जावे लागते. उत्तर आणि दक्षिण यांचे यादवी युद्ध चौथ्या वर्षात शिरले होते, आणि त्यातच अध्यक्षपदाची निवडणूक आली. घरात यादवी माजली असताना ती पुढे ढकलावी असे लिंकनला वाटले असते तर नवल नव्हते. पण त्याने ती ढकलली नाही. रिपब्लिकन पक्षाने लिंकनलाच पुन्हा उभे केले. डेमोक्रॅटिक पक्षातला एक मोठा गट युद्ध थांबवून तडजोड करावी अशा मताचा होता. (या पक्षांच्या आजच्या भूमिकांवरून तेव्हाच्या भूमिका ताडू नयेत.) उत्तरेतले लोक थकले होते. मे-जूनच्या जेमतेम दीड महिन्यात व्हर्जिनियाच्या रानात ग्रँटच्या फौजेची पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. आणि १८ जुलैला लिंकनने आणखी पाच लाख माणसे मागितली. २३ ऑगस्टला त्याने एका कागदावर, आपण बहुधा हरणार, असे लिहून ठेवले आणि मजकूर न दाखवता मंत्र्यांच्या त्यावर सह्या घेतल्या.

अशा वेळी 'हार्पर्स वीकली' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात एक चित्र आले. अंकावर तारीख होती ३ सप्टेंबर १८६४. काढणारा टॉमस नास्ट हा लहानपणी जर्मनीहून आलेला, तेवीस वर्षांचा तरुण. चित्राचे नाव 'दक्षिणेशी तडजोड', आणि ते अर्पण केले होते शिकागोला भरलेल्या डेमोक्रॅटिक अधिवेशनाला. हे अर्पणच मुळी थप्पड होती.

त्या चित्राची प्रतिकृती मी भिंग घेऊन अनेकदा न्याहाळली आहे. मध्ये एक थडगे. डाव्या अंगाला उत्तरेचा शिपाई: एक पाय गेलेला, कुबडीवर रेललेला, मान खाली. उजवीकडे दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस ताठ उभा. त्याचा एक पाय थडग्यावर आहे आणि तो शिपायाचा हात हातात घेतो आहे. थडग्यापाशी गुडघे टेकून, तोंड लपवून रडते आहे ती कोलंबिया, म्हणजे त्यांची भारतमाताच समजा. थडग्याच्या दगडावर, व्यर्थ युद्धात पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ, अशा अर्थाचा लेख. बहुतेकांची नजर इथेच थांबते. पण डेव्हिसच्या पाठीमागे आणखी एक शिपाई आहे. तो काळा आहे, अंगावर उत्तरेचाच गणवेश आहे, आणि तो बायकोसह पुन्हा साखळदंडात अडकला आहे. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

या चित्राला विलक्षण मागणी आली. रिपब्लिकनांनी ते वेगळे छापून प्रचारासाठी वाटले. ज्या घरातला मुलगा लढाईत पडला होता त्या घरी हे चित्र गेले म्हणजे काय होत असेल, याची कल्पना करावी. युक्तिवादाला उत्तर देता येते, थडग्याला काय देणार? आणि म्हणूनच ते अन्यायाचेही होते. शिकागोच्या ठरावात युद्धाचा प्रयोग फसला असे म्हटले होते हे खरे. पण त्या पक्षाचा उमेदवार होता जनरल मॅक्लेलन, ज्याच्यावर फौजेने एकेकाळी जीव ओवाळून टाकला होता. त्याने ८ सप्टेंबरच्या आपल्या स्वीकृतिपत्रात त्या ठरावातून अंग काढून घेतले. तुमचे श्रम आणि मेलेल्या भावांचे बलिदान फुकट गेले, असे माझ्या सोबत्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू, असा त्याचा सवाल होता. म्हणजे नास्टने जे थडगे त्याच्या पक्षाच्या अंगावर घातले, त्याच थडग्याची साक्ष उमेदवार स्वतः काढीत होता! मधल्या काळात, २ सप्टेंबरला, अटलांटा पडले आणि वारे फिरले.

डेमोक्रॅटही काही सोवळे नव्हते. त्यांच्या बाजूच्या एका चित्रात लिंकन अँटिएटमच्या रणभूमीवर उभा आहे. भोवती प्रेते आणि विव्हळणारे जखमी. लिंकनच्या हातात चौकड्यांची स्कॉच टोपी आहे, आणि तो आपला मित्र मार्शल लॅमन याला एखादे गमतीचे गाणे म्हणायला सांगतो आहे. लॅमनने पाठ फिरवून हाताने तोंड झाकले आहे. शिपायांची मते लिंकन अशी मिळवतो, असे खाली उपरोधाने लिहिले आहे. कथा 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्राने उठवली होती.

तिच्यात तथ्य किती? अँटिएटमची लढाई झाली १७ सप्टेंबर १८६२ रोजी, आणि त्या एका दिवसात दोन्ही बाजूंची मिळून सुमारे तेवीस हजार माणसे मेली, घायाळ झाली वा हरवली. लिंकन तिथे गेला तो ऑक्टोबरच्या आरंभी. गाणे झाले होते. पण लढाईनंतर सोळा दिवसांनी, रणभूमीपासून काही मैलांवर, वाटचाल करताना गाडीत. लिंकनने आधी एक उदास गाणे म्हणायला लावले. त्याने तो फारच खिन्न झाला असे पाहून लॅमनने दोन-तीन हलकी गाणी म्हटली. सगळ्या मार्गात एकही प्रेत दिसले नाही. एवढीच हकीकत.

लॅमन संतापला आणि वर्तमानपत्राला तिखट उत्तर लिहून बसला. लिंकनने ते वाचले, बाजूला ठेवले, आणि लॅमनच्या नावाने स्वतःच दुसरे लिहून काढले: साधे, तपशीलवार, कोठेही आवाज न चढवता. मग तेही छापू नकोस म्हणाला. जे करण्यात आपली चूक नव्हती त्याबद्दल कैफियत देत बसणे त्याला रुचत नव्हते. लॅमनच्या आठवणी १८९५ मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या, तेव्हा वाचकांना ही सारी हकीकत कळली. मला या साऱ्या प्रकरणात हे न छापलेले उत्तर सर्वांत मोलाचे वाटते.

दोन्ही चित्रांत शिपाई मुका आहे. एकात तो मान घालून उभा आहे, दुसऱ्यात मरून पडला आहे. दोन्हीकडे त्याच्या वतीने बोलणारा दुसराच. मात्र त्या वर्षी एक नवी गोष्ट घडली, ती ही की खुद्द शिपायाला विचारण्यात आले. तोपर्यंतचा रिवाज असा की मत द्यायचे तर आपल्या गावी हजर पाहिजे. उत्तरेतल्या एकोणीस राज्यांनी कायदे करून छावणीतल्या मतदाराची सोय केली. काही राज्यांच्या मतपेट्या थेट पलटणीत गेल्या. न्यूयॉर्कचे शिपाई बंद पाकिटात मतपत्रिका घालून घरच्या विश्वासू माणसाकडे पाठवीत. त्या पाकिटांवरून बनावट मतांचे आरोप झाले, माणसे धरली गेली आणि लष्करी न्यायालयापुढे उभी राहिली. इंडियाना, इलिनॉय आणि न्यू जर्सी यांनी ही सोय केलीच नाही. तेव्हा लिंकनने १९ सप्टेंबरला शेरमनला लिहिले की ११ ऑक्टोबरला इंडियानात राज्याची निवडणूक आहे, धोका न पत्करता तिथल्या शिपायांना घरी जाऊ देता आले तर पाहावे. आणि हा हुकूम नव्हे, हेही त्यातच नमूद केले. पत्र चतुर आहे. हुकूम नव्हता, पण लिहिणारा सरसेनापती होता. विरोधी मताच्या अधिकाऱ्यांवर दडपण आल्याची, काहींना नोकरीतून काढल्याची उदाहरणेही आहेत. ती झाकण्याचे कारण नाही.

८ नोव्हेंबरला मतदान झाले. लिंकनला २१२ निर्वाचक मते पडली, मॅक्लेलनला २१. शिपायांची जी मते वेगळी मोजली गेली त्यांतली सुमारे ७८ टक्के लिंकनची होती. ती नसती तरी लिंकन निवडून आला असता, असेच आकडे सांगतात. पण दुसऱ्या एका ठिकाणी त्यांनी खरेच पारडे फिरवले. ऑक्टोबरमध्ये मेरीलँड राज्यात गुलामगिरी रद्द करणाऱ्या नव्या राज्यघटनेवर मत घेतले गेले. घरच्या मतदारांनी ती नाकारली होती. छावणीतली मते मोजली गेली आणि ती मंजूर झाली, अवघ्या ३७५ मतांनी.

आता त्या साखळदंडातल्या शिपायाकडे यावे. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार काळे लोक उत्तरेच्या फौजेत दाखल झाले. न्यू इंग्लंडमधली मोजकी राज्ये सोडली तर त्यांच्यातल्या बहुतेकांना मतच नव्हते. पलटणीत मतपेटी आली तरी ती त्यांच्यासाठी नसे. त्यांचे चित्र दाखवून गोऱ्यांची मते मागितली गेली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, तेव्हा ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी जो त्याग केला त्याबद्दल, अर्पण केली. त्या त्यागात या बिनमताच्या शिपायांचा वाटा केवढा होता, हे मराठी वाचकाने ती अर्पणपत्रिका वाचताना ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

नास्टने तो वाटा ध्यानात ठेवला. युद्ध संपल्यावर, ५ ऑगस्ट १८६५ च्या 'हार्पर्स'मध्ये त्याने जोडचित्र काढले. एका पानावर दक्षिणेचे पुढारी कोलंबियापुढे माफी मागत वाकले आहेत. दुसऱ्या पानावर कोलंबिया एका शिपायाच्या शेजारी उभी राहून विचारते की त्यांना विश्वासाने जवळ करायचे आणि या माणसाला नाही? शिपाई पुन्हा एका पायाचा, पुन्हा कुबडीवर. मात्र या वेळी तो काळा आहे, आणि मागणी मताची आहे.

ते मत देणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० मध्ये झाली. पुढे याच नास्टने, १८७४ साली, दक्षिणेतल्या काळ्या आमदारांची कुचेष्टा करणारे चित्र काढले; लेखणीची निष्ठा अशीही असते. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली आणि डोईपट्टी व वाचनाची परीक्षा यांच्या आडवाटेने काळ्यांचे मत काढून घेतले. तेव्हा नास्ट 'हार्पर्स'मध्ये राहिला नव्हता.